चौथं भोक

स्तिबोरने पलंगाची फळी कापली,
सायकलच्या मडगार्डच्या पट्ट्या ठोकून कोन केले
आणि कॉम्प्युटर उघडाच टांगला भिंतीला.
पेटी नाही, झाकण नाही,
उकाड्यात पोट उघडं टाकून
झोपलेल्या माणसासारखा.

ब्रनोतल्या या खोलीत
जमीन आता येऊ घातलेल्या पाळण्याची.

चौथं भोक जरा जास्तच खोल गेलं.
पलीकडून काठी आपटली,
मग भोकातूनच द्राहोमीराबाईंचा आवाज:
"गिलावा पडला माझ्या वाटाण्याच्या सारात!"
तो ओशाळला. म्हणाला, उद्या लांबी भरतो.

रात्रभर पंखे फिरले.
फळी डावीकडे बोटभर कललेली;
राहू दे.

सकाळी लांबी कालवत होता, तर पुन्हा तोच आवाज,
या वेळी हळू:
"एवढ्यात नको रे बुजवू.
मांजर भिंतीला लागून निजलंय,
उठवत नाही."