जस्ताची वडी

राजिवड्यात, खाडीच्या उतारावर,
बोटी अजून ओंडक्यांवर टेकलेल्या.
दाऊद फिटर सुकाणूखाली उताणा पडून
पाना मागतो, मग बिडी, मग पुन्हा पाना.
गेल्या वर्षीची जस्ताची वडी
आता पापडाएवढी उरलीय,
मधे बोल्ट, भोवती पांढरा भुसा.
"बघ, खाल्लीन सगळी," तो म्हणतो,
ताट पुसून जेवलेल्या पोराचं सांगावं तसं.

मी तेरा वर्षांची असताना
ही वडी मला भुंडी वाटली होती.
बावा जोहरच्या नमाजाला गेलेला,
डब्यात निळा रंग उरलेला.
'खैरून'च्या सुकाणूबरोबर मी तिलाही रंगवलं,
दोन हात, कडांना बोट फिरवून.
अख्ख्या बंदरात इतकी देखणी वडी नव्हती.

फेब्रुवारीत जयगडच्या बाहेर सुकाणू गळालं.
दुसऱ्या बोटीने दोरीला बांधून आणलं बावाला.
वर काढलं तर वडी जशीच्या तशी, निळी, गुबगुबीत,
आणि लोखंडाची चाळण.
दाऊदने नखाने रंग खरवडला,
माझ्याकडे बघितलं,
आणि बिडी शोधायला लागला.

आता मी अकरावीला शिकवते.
इलेक्ट्रॉन पाण्यात पोहत नाही, मी सांगते,
तो धातूतूनच जातो, बोल्टातून पात्यात,
पात्याच्या काठाशी ऑक्सिजन टपून असतो.
पाण्यातून जातात ते आयन,
जस्ताचे, मिठाचे, आपापला भार घेऊन.
दोन्ही वाटा मोकळ्या हव्यात.
एक बुजली की व्यवहार बंद.
पुस्तकात याला बलिदान म्हटलंय.
दाऊद हसला होता:
"बलिदान कसला गो. त्याची मूठच सैल."

आणि एक गोष्ट पोरं दोनदा विचारतात:
एका कणाकडून दुसऱ्याकडे जाताना
इलेक्ट्रॉन आधी हलत नाही.
आधी भोवतीचं पाणी हलतं,
रेणू रेणू कूस बदलतो,
इकडची बाजू आणि तिकडची बाजू
क्षणभर सारखीच वाटेल इतपत.
मग तो गेलेला असतो.
पाणी वळेपर्यंत
कितीही जवळ असा, काही होत नाही.

वीस वर्षं झाली.
मी कधी बोलले नाही, बावाने विचारलं नाही.
दाऊद नवी वडी आवळतो, राखाडी, जड.
बावा ब्रश घेतो,
सुकाणू रंगवत वडीपर्यंत येतो,
आणि डावा तळवा तिच्यावर ठेवतो,
झाकून.
त्याच्या बोटांना निळी कड लागते.
मी डबा धरून उभी.