जामीन

हॅलिफॅक्समध्ये मी लोकांचा भरवसा मोजते.
पगार त्याचाच मिळतो.
गालिच्यांची जुनी गिरणी, तिसरा मजला,
खिडकीबाहेर दगडी घरं, टेकडीला लटकलेली.

शिडी, ड्रिल, तंबू, केकचा साचा
माणसं एकमेकांना उसनं देतात,
वस्तू परत आली की तारे देतात.
ते तारे आम्ही दळतो.

शून्य आणि एकच्या मध्ये कुठेतरी माणूस.
नवा आला की अर्धा धरायचा,
ना चोर, ना साव.
मीही आले तेव्हा अर्धीच होते.
बँक म्हणाली, तुम्हाला इतिहास नाही.
घरमालकीण म्हणाली, जामीन आण.

थेंबाने गेलेली हौदाने येत नाही,
असं आजोळी म्हणायचे.
मी ते एका ओळीत बसवलं:
बिघडलेल्या व्यवहाराला तिप्पट वजन.
आणि ज्याने तुमची शिफारस केली
त्याची पत घसरली, तर तुमचीही घसरेल.
थोडीशी. एक दशांश.
हेही माझंच.

मंगळवारी सकाळी माझाच आकडा उतरला होता.
साचा तर मी घासून, पुसून, वेळेत दिला होता.

नोंदीमागे नोंद, मागे मागे गेले.
व्हर्नन ॲक्रॉइड. वय बहात्तर.
शिडी, अकरा दिवस उशीर.
तीन निरोप, उत्तर नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या नावापुढे
पहिली टिचकी याचीच होती.
का, तर त्याच्या दारातला बर्फ
मी फावड्याने ढकलताना त्याने पाहिलं होतं.
(मी माझी गाडी काढत होते.)

चढ चढून गेले.
शिडी पन्हळीला टेकलेली,
खालच्या पायरीवर बादली, तिच्यात कुजलेली पानं.
तो मोज्यांवरच दारात आला.
म्हणाला, जोन नाही घरी. अकरा दिवस झाले.
फोन तिच्या पर्समध्ये राहिलाय,
पर्स तिच्या उशाशी.

मग आम्ही शिडी उचलली.
तो पुढे, मी मागे,
उतार ओला, मला फक्त त्याची पाठ दिसत होती.
“इथली पायरी फुटलीय,” तो न वळता म्हणाला
आणि मी न बघता पाय उचलला.

शिडीच्या मालकिणीने दोन तारे दिले.

दुपारी मी तिपटीचं दुप्पट केलं.
संध्याकाळी पुन्हा तिप्पट,
कारण लीड्सचा कुणी एक
असाच, अगदी असाच गप्प राहून
सतरा ड्रिल घेऊन पसार झाला होता.
दोघांचं मौन यंत्राला सारखंच दिसतं.
मलाही, टेकडी चढेपर्यंत.

माझ्या नावाखाली जामिनाचा रकाना आहे.
तिथे अजून ॲक्रॉइड.
बदलता येतो, एका टिचकीत.
जोन परवा घरी आली म्हणे.