तुडूम

तलावाच्या तुडमाशी चाळीस वर्षं बसले आमचे हे.
कोणाच्या बांधीला किती घटका,
कोणाचा पाट आधी, कोणाचा मग,
वही नाही, पाटी नाही, सगळं जिभेवर.
गावात पाणकर म्हणूनच हाक. सुखरू हे नाव
फक्त मतदार यादीत.

पहिल्या रिपोर्टात प्लेटलेट नऊ लाख.
मी म्हटलं, लाखात आहेत म्हणजे बरंच असेल.
मेडिकलातली पोरगेली डॉक्टरीण हसली नाही.
म्हणाली, कमी पडलं की यकृतातून निरोप निघतो,
हाडाच्या पोकळीत पोचतो,
तेव्हा मज्जा दार उघडते.
यांचं दार निरोपाशिवायच उघडं आहे.
हे तेवढं ऐकून म्हणाले,
"म्हंजे बूच निंगालं का जी?"

पाच वर्षांनी कमरेच्या हाडात जाड सुई घातली,
कोरडीच परत आली.
आत दोरच दोर, ती म्हणाली,
आणि मला तलावातलं बेशरम दिसलं.
त्याच्या मुळ्यांनी गाळ असा आवळलाय
की मागल्या साली कुदळ बसेना.

आता रक्त पानथरीत होतं. थोडं, कच्चं.
पोटातल्या पोराचं तिथंही होतं म्हणे,
हाडं भरायच्या आधी.
डाव्या बरगडीखाली हाताला लागते, दगडासारखी.
सत्तरीतलं अंग
जन्माआधीचं काम आठवून करतंय,
आणि यांना दोन घास जाईनात.

अठरा हजार.
नागपूरला पिशवी चढवतात, पिवळसर, पेजेच्या निवळीसारखी.
चढेपर्यंत ती यंत्रावर डोलत असते,
निजली तर गाठी धरते.
मागल्या खेपेची राष्ट्रपालनं दिली,
ज्याच्या बापाशी यांचं पाण्याच्या पाळीवरून
अकरा वर्षं बोलणं नव्हतं.
अजूनही नाही.

काल रात्री उठून काठी टेकत तलावाकडे गेले.
"पानी वाजते, आयक."
काही वाजत नव्हतं.
येताना पोटरीला बाभूळ ओरबाडली.
ओरखडा केवढा, धानाच्या कुसाएवढा.
दिवा, जुनं पातळ, माझा अंगठा.
एक घटका. दुसरी.
"किती झाल्या?"
मी सांगितलं नाही. मोजायचं काम त्यांचं.

कोंबडं आरवून गेलं.
अंगठ्याखाली ओल आहे अजून,
त्यांची, की माझाच घाम,
उचलून पाहत नाही.