चार बोटं आत

रोसाल्वाने कॅलिफोर्नियाचा नकाशा
इस्त्रीच्या टेबलावर पसरला,
मॉन्टेरेवर करंगळी टेकवली.
बोटभर आत सरकलं की भाडं उतरतं,
पाण्याकडे पाठ फिरवायचे
कुणी पैसे द्यावेत तसं.

सलिनास: नाही. तिथेही आता दोन पगार लागतात.
मर्सेड: बहीण राहते, म्हणून नाही.
फ्रेस्नो: नेस्तोरला दमा आहे, आणि तिथली धूळ
हॉटेलच्या चादरी धुताना
तिने पाहिलीये.

चार बोटं आत, कोअलिंगा.
दोन खोल्या, लिंबाचं एक झाड.
भाड्याचा आकडा तिने दोनदा विचारला,
मग तिसऱ्यांदा,
एखादं शून्य गळलं तर नाही ना?

फोनवर म्हातारा ओर्व्हिल हसला.
"उन्हाळा सोसवेल का, ते बघा."
"आणि समुद्र?" तिच्या तोंडून निसटलं.
"होता की. टेकडीत कुदळ मारा,
शिंपले निघतात.
आपल्यालाच यायला जरा उशीर झाला."

नेस्तोर शाळेतून आला, बुटांत वाळू.
रोज ओरडायची ती.
आज बूट वर्तमानपत्रावर उलटे केले,
झटकले,
आणि पुडी बांधून
डिपॉझिटच्या पाकिटाशेजारी ठेवली.