हजेरी क्रमांक सत्तेचाळीस

फलक लागला तेव्हा शेजारच्या नितेशकडून वाचून घेतला.
खालून तिसरी ओळ:
कामगारांपैकी तीस टक्के याच प्रभागातले.
नितेश म्हणाला, मावशी, टेंडरमध्येच आहे हे,
घरकुलाला सरकारचा पैसा आहे ना, म्हणून.
मी म्हटलं, परत वाच.

लाइट बिल, रेशन कार्ड, आधारची झेरॉक्स,
चार फोटो, त्यातल्या एकात डोळे मिटलेले,
सगळं पत्र्याच्या ऑफिसात देऊन आले.
अठरा वर्षं फरशीचे सांधे भरलेत मी
बाणेरपासून खराडीपर्यंत.
किती लोकांच्या न्हाणीत माझ्या बोटाची रेघ आहे,
पांढऱ्या सिमेंटची, सरळ.
कारकून म्हणाला, फोन करू.

मी आपली नाक्यावर, सात ते साडेदहा,
डबा मांडीत धरून.
साडेदहानंतर, कोणी नेलं नाही तर,
बाई डबा तिथंच खाते.
भरलेला घरी नेला
तर सासू झाकण उघडून बघते.

पहिला स्लॅब, चौथा, सातवा.
येरवड्याच्या आमच्या गल्लीतून सगळं दिसायचं.
संध्याकाळी इमारतीची सावली आमच्या पत्र्यावर यायची.
तेवढा गारवा मिळाला तिच्याकडून.

मग नितेशनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला.
दोन रुपये पान, सहासष्ट पानं मस्टरची.
ओट्यावर पसरली, उडू नयेत म्हणून वर तांब्या.
पान एकोणीस, क्रमांक सत्तेचाळीस:
रणपिसे कौसल्या, स्त्री, स्थानिक, कुशल.

कुशल!
इतक्या वर्षांत हे कोणी लिहिलं नव्हतं.

दोनशे चौदा दिवस हजर.
भाऊबीजेला हजर.
ज्या मंगळवारी मी ससूनला सासूच्या उशाशी बसले होते
त्या मंगळवारीही हजर, वर दोन तास ओव्हरटाइम.
आणि दर शनिवारी अंगठा.
अंगठा!
मी सही करते.
रात्रशाळेत सहा महिने घालवून शिकलेली सही,
रणपिसेतल्या र ला लांब शेपूट काढते मी.

दुसऱ्या दिवशी पदर खोचून गेले.
गेटवर हजेरी चालली होती.
मुकादम नावं घेत नव्हता, नुसते आकडे.
सत्तेचाळीस, म्हणाला,
आणि एक पोरगी पुढं झाली.
एकोणीस-वीसची. हेल्मेट कानांवर आलेलं,
दोन पायांत दोन रंगांच्या चपला.
अंगठा शाईत बुडवला तिनं
आणि माझा हात उगाच आखडला.

नाव काय गं तुझं?
आधी मुकादमाकडं बघितलं. मग हळूच:
यहाँ का, कि घर का?

घरचं फुलमनी. गाव दुमक्याकडं.
कागदावर आठशे, तिच्या हातात साडेचारशे.
मधले साडेतीनशे
तिनं पाहिले नाहीत, मीही नाही.

भांडण कुठं ठेवू, कळेना.
माझी आई बहात्तरला करमाळ्याहून खडी फोडायला आली,
तिला मरेपर्यंत इथली म्हटलं नाही कुणी.
मी स्थानिक ठरले. नाळ इथं पुरली म्हणून,
की लाइट बिलावर नाव आलं म्हणून,
कोण जाणे.

म्हटलं, काम दाखव.
चौथ्या मजल्यावर नेलं तिनं.
रेघ थरथरलेली, दोन ठिकाणी फुगलेली.
स्पंज मागितला, पुसलं, परत भरलं.
असं धर पातं. जोर मनगटात नाही, खांद्यात.
त्या अख्ख्या इमारतीत
तेवढं हातभर काम माझं.
त्याची नोंद नाही.

खालून नितेश ओरडत होता,
मावशी, तक्रार लिहायचीय, नाव कोणाचं टाकू?
दोघींचं टाक, मी म्हटलं.
सही माझी. अंगठा हिचा घेऊ.

फुलमनीनं हात ओढणीत लपवला.
शाई ओली होती अजून.
ओढणीवर डाग पडला, ते दोघींनी पाहिलं.