जाळी

सोलो शहरात, कापडगिरणीच्या मागच्या गल्लीत
वेनिंगचं कॅफे आहे.
कॅफे आपलं म्हणायचं.
पाच प्लास्टिकची स्टुलं, मान न वळणारा पंखा,
आणि भिंतीवर एक पाल. शंकेची नव्हे, खरीच.
ऑर्डर दिली की चुकचुकते.

मी मागांचा मेकॅनिक.
मशिनचा एक सुटा भाग बंदरात कुठल्याशा कागदावाचून अडकलाय,
तो येईपर्यंत मला काम नाही,
आणि काम नसलेल्या माणसाला
संध्याकाळी फार लवकर भूक लागते.

पहिल्या दिवशी तिनं हिरवंगार काहीतरी पुढे ठेवलं.
दादार गुलुंग.
पांदानच्या पानांच्या रसातलं पातळ घावन,
सुरळी केलेलं,
आत ओलं खोबरं आणि माडाचा काळा गूळ.
मी घास घेतला आणि म्हणालो, चव!
ती म्हणाली, काय?
म्हटलं, हे आत भरलंय ना, त्याला आमच्याकडे चव म्हणतात.
आणि जिभेला जे कळतं, तीही चवच.
तिनं दोनदा म्हणून पाहिलं. ‘च’ तिला जमला, ‘व’ ओला झाला.
दुसऱ्या दिवशी फळ्यावर, रोमन अक्षरांत:
चव, पाच हजार.

दाराशी शेगडीजवळ तिचे वडील बसतात, पाक कासिमान.
एकतीस वर्षं शाळेच्या फाटकाबाहेर
सायकलवर लेकर विकलं.
लेकर म्हणजे कागदासारखं घावन, कडा कुरकुरीत,
आत केळ्याच्या चकत्या, साखर, मग दुमड.
म्हणतात, हा शब्द डचांचा, ‘छान लागतं’ अशा अर्थाचा.
डच गेले. शब्द तव्याला चिकटून राहिला.

गेल्या वर्षापासून त्यांचा डावा हात ऐकत नाही.
म्हणून घावन एका बाजूला आंबोळीएवढं जाड,
दुसऱ्या बाजूला पलीकडचं दिसेल इतकं विरळ.
कुरिअरवाला बागास हेल्मेट न काढताच ओरडतो,
बापा, चीज घाल, चॉकलेट घाल!
म्हातारा ऐकू न आल्यासारखं करतो
आणि केळं घालतो.
बागास तेच खातो. रोज. रोज चीज मागतो.

नवव्या दिवशी पळी माझ्या हातात दिली.
दशांश मिलिमीटरची फट मी बोटानं ओळखतो,
पण पीठ मधोमध थबकलं, गोळा झालं, करपलं.
पहिलं घावन तव्याचं, म्हटलं मी मराठीत, स्वतःशीच.
ते जावानीजमध्ये काहीतरी म्हणाले आणि खूप हसले.
वेनिंगनं सांगितलं:
बाबा म्हणतात, काम नसलेल्या माणसाला
एवढी घाई कसली?

काल मार्ताबाकची वेळ.
जाड लोखंडी पातेल्यात फुगलेलं पीठ.
जाळी पडेपर्यंत साखर टाकायची नाही,
झाकण ठेवायचं नाही, बोलायचंही नाही बहुधा,
कारण तिघंही गप्प वाकून बघत होतो.
खिशात फोन थरथरला.
गिरणीचा असणार. भाग सुटला असणार.
मी काढला नाही.
आधी कडेला एक भोक,
मग मधे तीन,
मग अचानक सगळीकडे,
जसं रिकाम्या मैदानात कुणीतरी शाळा सोडावी.
वेनिंगनं साखर भुरभुरली. लोणी.
शेंगदाण्याचा कूट, जरा जास्तच.
बोटं पोळली तरी आम्ही थांबलो नाही.

आज सामान घेऊन त्याच गल्लीतून निघालो.
कॅफे बंद, स्टुलं एकात एक घातलेली.
शेगडीत थोडी राख, तिच्यावर मांजर.
फळा मात्र बाहेरच राहिलाय:
चव, पाच हजार.
आणि खाली खडूनं घाईघाईत एक शब्द,
जो आता मला वाचता येतो:
हाबिस.
संपली.