बोराची सुट्टी

आज वाऱ्यानेच मला वाऱ्यावर सोडलं.
पहाटे पाचला देनिसचा फोन :
"बोरा सुटलाय. क्रेन बंद. झोप."
झोप कसली! सव्वीस वर्षं पाचला उठणाऱ्या बाईला
झोप काही हुकमाने येत नाही.

म्हणून निघाले. गुंड्या गळ्यापर्यंत,
खिशात चाव्या, सुटे युरो, आणि वजनाला एक जाड डायरी.
त्रिएस्तेत बारीक माणसं असंच करतात.
मी बारीक नाही, तरी.
चौकात कुणाचीशी छत्री उलटी होऊन
एकटीच समुद्राकडे निघाली होती.

पहिला थांबा तुल्लियोकडे.
इथे नुसती 'कॉफी' मागणारा परगावचा;
आम्ही 'कापो इन बी' म्हणतो :
बोटभर काचेचा पेला, वर चिमूटभर फेस.
"आज उभ्याने नको," मी म्हटलं, "बसून."
तुल्लियोची भुवई वर गेली.
त्याने माझे गुडघे कधी वाकलेले पाहिले नव्हते.

खरं तर दिवसभर मी बसलेलीच असते.
चाळीस मीटर उंच, काचेच्या खोक्यात,
पायाखालीही काच, मान गुडघ्यांच्या मधे,
आणि खाली माणसं म्हणजे नुसती हेल्मेटं.
माणसाला चेहरा असतो
हे मला रविवारी आठवतं.
या आठवड्यात मंगळवारीच आठवलं.

साखरेचा खडा चिमटीत धरला,
पेल्याच्या बरोब्बर मध्यावर आणला,
झुलणं थांबू दिलं,
मग अलगद खाली.
सवय.

शेजारच्या टेबलावरच्या सिन्योरा नेरीनाने हे पाहिलं.
टोपी स्कार्फने हनुवटीखाली करकचून बांधलेली,
घरातून पळालेल्या मुलीसारखी दिसत होती, वय ऐंशीच्या पुढे.
"काय करता तुम्ही?"
"पेट्या उचलते. जहाजातून ट्रकवर."
"आणि आत काय असतं?"
काय असतं?
नंबर असतो. वजन असतं.
बाकीचा कागद दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जातो.
तिने स्वतःच्या पेल्यात डोकावून पाहिलं :
"मग ही तुम्हीच आणली असणार."
मी उरलेला घोट जरा जपून प्यायले.

दुपारी बुफेत. तांब्याच्या हंड्यातून
उकडलेल्या डुकराच्या मांसाची वाफ, आंबवलेली कोबी,
आणि वर ताजं किसलेलं तिखट मूळ,
त्याला आमच्याकडे म्हणतात क्रेन.
परदेशी खलाशी माझ्या यंत्रालाही क्रेनच म्हणतात.
म्हणजे एक तिकडे बंद,
आणि दुसरी इथे नाकात चालू!
डोळे पुसत मी एकटीच हसले,
काउंटरवरच्या पोराला वाटलं, घरी काहीतरी झालंय.
त्याने पाव जास्तीचा दिला. घेतला.

मग दोन तास काहीच नाही.
मिठाईच्या दुकानाची खिडकी, अक्रोडाचा केक,
बाहेर दिव्याच्या खांबाला बिलगलेला पोस्टमन,
शाळेतली पोरं वाऱ्यावर रेलून उभी,
तो त्यांना पडू देत नव्हता.
एका पाद्र्याचा झगा डोक्यावर गेला
आणि आतून निघाली फुटबॉलची चड्डी.
हे वरून दिसलं नसतं.

संध्याकाळी राजम्याचं गरम सूप, थालीपीठाएवढा पाव,
पांढरी वाइन सोडा घातलेली.
टेबलावर पालथा ठेवलेला फोन गुरगुरला.
देनिस : "वारा पडतोय. उद्या सहा."
मी त्याला तसाच पालथा ठेवला
आणि सफरचंदाचं स्ट्रुडेल मागवलं.
ते यायला उशीर झाला, बरंच झालं.

परतताना धक्क्याकडे पाहिलं.
माझी क्रेन मान वर करून उभी,
टोकाला लाल दिवा,
दिवसभर कुणी पाणी विचारलं नाही अशी.

उद्या बंदराबाहेरच्या रस्त्यावर
स्कार्फने बांधलेली एखादी टोपी दिसली,
तर मी भोंगा वाजवणार आहे.
नियमात बसत नाही.
एकदाच. छोटासा.